पाखरासाठी बाणाचं टोक

ग्राऊसवर सोडलेला माझा पहिला बाण नेम धरला तिथेच लागला, आणि तरीही ते पाखरू मला मिळालं नाही. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. उत्तर मिनेसोटातल्या चिपेवा राष्ट्रीय वनात, लाकूडतोडीच्या जुन्या, गवत माजलेल्या रस्त्यावर तो पक्षी १४ पावलांवर उभा होता. माझ्या हातात ४५ पौंडांचं रिकर्व्ह धनुष्य, रोजच्या सरावाचा बाण आणि त्याला रोजच्या सरावाचं निमुळतं टोक. बाण पंखाच्या मुळाशी, जरासा खाली घुसला, पलीकडून निघाला आणि गवतात सरपटत गेला. पाखरू उडालं. धडपडत नव्हे, चांगलं सरळ उडालं आणि स्प्रूसच्या दाट राईत शिरलं. अंधार पडेपर्यंत मी शोधत होते, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले. बाण सापडला. त्याच्या पिसाऱ्यावर रक्ताचा पुसट ओघळ होता आणि छातीचं एक करडं पीस चिकटलेलं होतं. पाखरू सापडलं नाही. ते कुठेतरी तडफडून मेलं असणार, आणि ते माझ्यामुळे, हे अजून मनातून गेलेलं नाही.

हात चुकला नव्हता, टोक चुकलं होतं. ज्या दुकानातून बाण घेतले तिथे मी विचारलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं होतं की पाखरूच तर आहे, कुठलंही टोक चालेल. माझा अनुभव नेमका उलटा आहे. हरणासाठी टोक निवडताना करावा लागतो त्याहून जास्त विचार पाखरासाठी करावा लागतो.

हा लेख अमेरिकेत आणि कॅनडात राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी आहे. २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी बर्लिनमध्ये कंपाउंड धनुष्यावर जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत धनुष्य आलं. मुलं वर्गाला जाऊ लागली, मग आईवडिलांनीही हात आजमावला, आणि आता त्यातले काही जण शरद ऋतूत जंगलात जायचं म्हणतात. भारतातल्या वाचकांनी हे फक्त माहिती म्हणून वाचावं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि तितर-लाव्यांवर बाण सोडणं हा गुन्हा आहे.

इथेही मोकळं रान नाहीच. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्याला शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. परवान्यासोबतची नियमपुस्तिका दरवर्षी नवी निघते, आणि हंगामाच्या तारखा, रोजची मर्यादा, कुठल्या पक्ष्यासाठी कसलं टोक चालतं हे सगळं त्यात असतं. ती पुस्तिका आधी वाचा आणि मगच दुकानात जा. पक्षी ओळखायलाही शिका. रफ्ड ग्राऊसच्या शेपटीला टोकाजवळ गडद पट्टा असतो आणि डोक्यावर छोटा तुरा. त्याचाच भाऊबंद स्प्रूस ग्राऊस मिनेसोटात शिकारीचा पक्षी आहे, पण शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये संरक्षित आहे. राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो, जंगल मात्र तसंच दिसत राहतं.

आता टोकाकडे येऊ. हरणाला बाण मारतात तेव्हा रुंद पात्याचं ब्रॉडहेड आतल्या रक्तवाहिन्या कापतं, रक्त वाहतं, जनावर काही अंतर धावून कोसळतं, आणि जमिनीवर पडलेल्या रक्ताच्या मागावरून शिकारी तिथवर पोचतो. पाखराच्या बाबतीत हा सगळा हिशेबच लागू होत नाही. त्याच्या अंगात रक्त मुळात थोडं, वर दाट पिसं ते टिपून घेतात, आणि ते उडालं की हवेत माग कसला राहणार? म्हणून पाखरू जागच्या जागी पडलं पाहिजे. निमुळतं टोक, ज्याला इथे फील्ड पॉइंट म्हणतात, कागदाच्या लक्ष्यात स्वच्छ भोक पाडायला उत्तम. पाखरातही ते स्वच्छ भोकच पाडतं आणि स्वतःचा बहुतेक जोर घेऊन पलीकडे निघून जातं. माझ्या त्या बाणाचं हेच झालं. बाणातला जोर पाखरात उतरायला हवा, आणि तो उतरतो बोथट टोकाने. बोथट टोक हाडं मोडतं, दणका देतं, आणि चांगलं बसलं तर पाखराला दुसरी हालचाल करू देत नाही.

हे काही नवं नाही. सायबेरियातले खांटी लोक खार आणि सेबल मारायला लाकडी बोथट बाण वापरत आले, कारण कातड्याला भोक पडलं की त्याची किंमत उतरते. इंग्लंडात पाखरांसाठीच्या बोथट बाणाला स्वतंत्र नाव होतं आणि शेक्सपिअरच्या नाटकांतही ते येतं. धारदार टोक नेहमीच जास्त चांगलं, असं लोक पूर्वीही समजत नव्हते. ती समजूत आपण लक्ष्यावर नेमबाजी करता करता बरोबर घेऊन येतो.

रफ्ड ग्राऊस साधारण अर्धा ते पाऊण किलोचा, आपल्या तलंगेएवढा दिसणारा पक्षी. पिसं काढली की आतलं धड मुठीपेक्षा थोडंच मोठं निघतं, आणि त्यातली प्राण घेणारी जागा तर लिंबाएवढी. ॲस्पेनच्या कोवळ्या रानात तो राहतो. सकाळी आणि दुपार कलल्यावर रस्त्याकडेला क्लोव्हरचा पाला खायला, खडे टिपायला येतो. चाहूल लागली की बरेचदा उडण्याआधी काही क्षण थिजून उभा राहतो, आणि धनुष्यवाल्याला संधी मिळते ती त्या क्षणांत. अंतर १० ते २० यार्ड. त्यापुढे मी बाण सोडत नाही.

या पक्ष्यासाठी माझ्या भात्यात जे टोक कायम असतं त्याचं नाव ज्युडो. मिनेसोटातल्याच झ्विकी कंपनीने ते घरोघरी पोचवलं आणि आता त्या धाटणीच्या सगळ्याच टोकांना लोक ज्युडो म्हणतात. हातात घेऊन पाहा. मध्ये पोलादाची छोटी, बोथट नाकाची कांडी, आणि तिच्या मागे चार दिशांना बाहेर आलेले तारेचे चार हात. प्रत्येक हात स्प्रिंगवर बसवलेला, टोकाशी किंचित पुढे वळलेला. बोटाने दाबला की मागे जातो, सोडला की टणकन जागेवर येतो. पाखराला लागताना हे चार हात बाणाला सहजी आरपार जाऊ देत नाहीत, पिसांत आणि अंगात अडकतात, आणि जोर तिथेच संपतो.

त्याचा खरा गुण मात्र नेम चुकल्यावर कळतो. साधा बाण जमिनीला लागला की गवताखाली, पानांच्या थराखाली सापासारखा सरकत जातो. डोळ्यांसमोर पडलेला बाण तासभर शोधूनही मिळत नाही, हे ज्याने केलंय त्याला ठाऊक आहे. ज्युडोचे हात गवताच्या पहिल्याच काडीला पकडतात, बाणाची शेपटी पुढे उलटते, आणि तो वरच्यावर आडवा-तिडवा पडून राहतो, कधीकधी चक्क उभा. पिसं भडक पिवळी किंवा नारिंगी घेतली असतील तर चालता चालता दिसतो. एका हंगामात जेवढे बाण वाचतात त्यात टोकांची किंमत निघून येते.

ज्युडोचा दोषही सांगते. जोरकस कंपाउंड धनुष्यातून, म्हणजे ६०-७० पौंडांच्या, तो सुटला तर हे हातही त्याला अडवू शकत नाहीत आणि १० यार्डांवरून तो पाखराच्या आरपार जातो. तरी भोक मोठं पडतं आणि पाखरू बहुधा तिथेच राहतं. पण तुमच्याकडे तसं धनुष्य असेल तर त्याहून रुंद तोंडाचं टोक बघा.

रबराचं बोथट टोक हा दुसरा पर्याय. काही कांडीवर टोपीसारखी चढतात, काही स्क्रूची. ती स्वस्त असतात, झाडाला लागली तर रुतून न बसता परत उडतात. हलक्या धनुष्याला मात्र मी ती सुचवणार नाही. मऊ रबर दणक्याचा काही भाग स्वतःच खाऊन टाकतं, आणि नेम पंखाच्या जाड पिसांवर बसला तर पाखरू नुसतं कोलमडून पुन्हा उठतं. ४० पौंडांच्या आत असाल तर पोलादी बोथट टोक घ्या. त्यातही सहा कोनांचं, कडा तीक्ष्ण ठेवलेलं एक मिळतं, ते मला आवडतं. तोंड सपाट असल्याने दणका पुरा बसतो, आणि कडांमुळे पिसांवरून घसरत नाही. आमच्या शेजारचे आजोबा, ज्यांनी मला हे सगळं शिकवलं, ते लाकडी बाणांवर .३८ च्या रिकाम्या पितळी काडतुसाची पुंगळी चिकटवतात. ११/३२ इंची कांडीवर थोडंसं तासलं की ती नीट बसते. त्यांनी उभा जन्म त्याच टोकावर ग्राऊस मारले.

काही जण जुनं, धार गेलेलं ब्रॉडहेड ग्राऊससाठी वापरून टाकतात. पाखरू पडतं हे खरं, पण छातीचं मांस चिरफाळून जातं, आणि चुकलेला बाण पात्यासकट पानांखाली पडून राहतो. त्या रस्त्यावरून कुत्री फिरतात, मुलं फिरतात. मी ते करत नाही, तुम्हीही करू नका.

हरणाच्या हंगामात मचाणावर बसणाऱ्यांनी एक ज्युडोचा बाण भात्यात कडेला ठेवावा. हरणाची वाट बघता बघता खाली ग्राऊस चालत येणं ही इथली नेहमीची गोष्ट आहे. फक्त तो बाण दोन बोटांना अंधारातही वेगळा कळला पाहिजे. हरणावर चुकून ज्युडो सुटणं हा मोठाच अनर्थ. मी त्या बाणाच्या मागच्या टोकाला, खाचेच्या जरा खाली, सुताचे चार वेढे देते.

वजनाची बाब किचकट वाटते, पण नियम एकच. टोकाचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम, १२५ ग्रेन म्हणजे ८ ग्रॅमच्या जरा वर. सराव ज्या वजनावर केला त्याच वजनाचं शिकारीचं टोक घ्या. टोक जड झालं की सुटताना कांडी जास्त वाकते, आणि बोटांनी दोरी सोडणाऱ्या उजव्या हाताच्या माणसाचा बाण उजवीकडे सरकू लागतो. २० यार्डांवर चार बोटं सरकला की लिंबाएवढी जागा हुकलीच. वजन सारखं असलं तरी ज्युडोचे हात हवा अडवतात, त्यामुळे लांबवर तो किंचित खाली लागतो. किती खाली, हे तुमच्या धनुष्यावर तुम्हीच पाहायचं. पेट्यांवर लिहिलेल्या आकड्यांवरही पूर्ण विसंबू नका. छोटा डिजिटल तराजू घेऊन टोकं तोलली तर एकाच पाकिटातली दोन टोकं ४-५ ग्रेननी वेगळी निघालेली मी पाहिली आहेत.

हे पाहायचं कसं? फोमच्या लक्ष्यावर ज्युडो मारू नका, हात आत अडकून वाकतात. जंगलात जा आणि कुजलेले बुंधे, मातीचा ढिगारा, पानांचे पुंजके यांवर मारत चाला. अंतर मोजायचं नाही, जागा ठरवायची नाही, जिथे दिसेल तिथे थांबून एकच बाण. याहून चांगला सराव मला माहीत नाही. ग्राऊसही असाच येतो, न सांगता आणि कधी उतारावर, कधी फांदीआड. बुंधा कुजकाच निवडा. ओल्या, जिवंत ओकवर पोलादी टोक मारलंत तर कांडी टोकाशी फुटते.

कार्बनचे बाण वापरत असाल तर इथे थांबून नीट वाचा. बोथट टोक दगडाला किंवा बुंध्याला लागलं की त्याचा सगळा धक्का कांडीत शिरतो. बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र तडा गेलेला असतो. तसा बाण पुन्हा ताणून सोडला तर तो सुटतानाच फुटतो आणि कार्बनच्या काड्या हातात घुसतात. म्हणून प्रत्येक बाण उचलल्यावर दोन्ही टोकं धरून, तोंडापासून लांब, हलकेच वाकवा आणि कानाशी न नेता ऐका. कुरकुर किंवा टिचल्यासारखा आवाज आला, बोटाला खरखर लागली, की तो बाण मोडून टाका. शंका आली तरी मोडून टाका. टोक सैल झालंय का तेही त्याच वेळी बघा, कारण बोथट टोकं दणक्याने आटे सोडतात.

ग्राऊस झाडावर बसलेला असेल तर मोह होतो. साधा बाण वर सोडला आणि चुकला तर तो कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही, आणि पडताना तो अंगावर घेण्यासारखा नसतो. अशा वेळी फ्लू-फ्लू बाण लागतो. त्याची पिसं कातरलेली नसतात, रुंद आणि उंच असतात, चार किंवा सहा. पहिले काही यार्ड तो नेहमीसारखा जातो, मग हवा पिसांना धरते आणि जोर झपाट्याने ओसरतो. सुटताना फडफड असा मोठा आवाज येतो. बोथट टोक आणि फ्लू-फ्लू पिसं यांची जोडी झाडावरच्या पाखरासाठी मी अनिवार्य मानते. फ्लू-फ्लू नसेल, आणि पाखराच्या मागे जाड खोड नसेल, तर बाण भात्यातच राहू द्या.

उडत्या फेझंटवर तारेच्या वळशांचं फुलासारखं पसरट टोक लावून बाण मारणारे लोक आहेत. ती वेगळी तालीम आहे, आणि बसलेल्या पाखरावर दोन-तीन वर्षं हात बसल्याशिवाय तिकडे वळू नये.

आणि आता टर्की, जिथे वर सांगितलेलं जवळजवळ सगळं उलटं होतं. मिनेसोटातून नाहीसा झालेला हा पक्षी १९७३ मध्ये मिसूरीहून आणून दक्षिणेकडच्या टेकड्यांत पुन्हा सोडला गेला आणि आता राज्यभर दिसतो. मोठा नर ८-१० किलोचा. त्याच्या पंखांवर बोथट टोक मारणं म्हणजे गादीवर मुठी मारणं आहे. पक्षी जखमी होऊन जाईल, एवढंच. टर्कीला ब्रॉडहेडच हवं, आणि रुंद हवं. कंपाउंडवाल्यांत उडताना मिटलेलं आणि लागताच उघडणारं, दोन इंच किंवा जास्त काप देणारं टोक चालतं. ते उघडायलाही जोर खर्च होतो, म्हणून ५० पौंडांच्या आतलं धनुष्य असेल तर न मिटणारं, पक्क्या पात्याचं टोकच घ्या आणि त्याची धार अशी ठेवा की कागद अलगद कापला जाईल. मान उडवण्यासाठी लांब आडव्या पात्यांची टोकंही मिळतात. त्यांना बाण लांब लागतो, नाहीतर पाती धनुष्याच्या मुठीशी, म्हणजे तुमच्या बोटांशी येतात. पहिल्या काही वर्षांत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

टोक कितीही चांगलं असलं तरी टर्कीवर नेम कुठे धरायचा हे आधी चित्रांतून पाठ करा. पिसारा फुलवून उभा राहिलेला नर पिंपाएवढा दिसतो, पण त्याचं हृदय आणि फुफ्फुसं असतात मोसंब्याएवढ्या जागेत, पंखाच्या मुळाशी. छातीच्या पुढच्या फुगवट्यात नुसतं मांस असतं. नवखा माणूस हमखास तिथेच मारतो आणि पक्षी निघून जातो.

पाखरू पडलं की धावत सुटू नका. जिथे उभे आहात तिथे एक खूण ठेवा, पडलेल्या जागेमागचं एखादं झाड डोळ्यांत धरा आणि सरळ त्याच्या दिशेने चाला. ॲस्पेनची गळलेली पानं आणि ग्राऊसची पिसं यांचा रंग इतका मिळता असतो की तीन पावलांवरचं पाखरू दिसत नाही. पोचलात की आधी बाण बघा. तो सबंध आहे का, टोक जागेवर आहे का? कार्बनचा बाण पाखरात मोडला असेल तर त्या जागेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, त्यातल्या बारीक काड्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि पोटात जाऊ नयेत. बोथट टोकाने मारलेल्या पाखरात लागल्या जागी रक्त साकळून काळपट डाग पडतो. तेवढा भाग काढला आणि बाकीचं मिठाच्या थंड पाण्यात रात्रभर ठेवलं की मांस पांढरंस्वच्छ होतं. त्यावर चरबी जवळजवळ नसते, म्हणून मी ते कोंबडीसारखं शिजवत नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण तेलात पुरतं परतून, रस्सा उकळू लागल्यावर तुकडे टाकते आणि मंद आचेवर झाकण ठेवते. साफ करताना गळ्याखालची दाण्याची पिशवीही उघडून पाहते. हिरवागार क्लोव्हर निघाला तर दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला फिरायचं, आणि ॲस्पेनच्या कळ्या निघाल्या तर भात्यात फ्लू-फ्लू बाण जास्त घ्यायचे, कारण मग पाखरं झाडावर आहेत.